पोरांना शाळेत करमावं म्हणून: वर्गशिक्षकाची जून ते मे वही

मार्चमधली सकाळची शाळा. फळ्यावर अपूर्णांक चालले होते आणि आठवीच्या दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेला. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तसं कुटुंब गावी परतलं आणि दुसऱ्याच दिवशी पोरगं दप्तर घेऊन हजर. मी म्हटलं, ‘ये, बस.’ आणि पुन्हा फळ्याकडे वळलो. गणित संपवून मागं पाहिलं तर तो भिंतीला टेकून तसाच उभा, दप्तर खांद्यावरच. ‘अरे, बसला का नाहीस?’ तर म्हणाला, ‘जागाच न्हाई सर.’

खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर तो बसायचा. तिथं मीच दिवाळीनंतर दुसऱ्याला बसवलं होतं. हजेरीतही त्याच्या नावापुढं लाल शाईनं ‘सतत गैरहजर’ लिहून मोकळा झालो होतो. त्या दिवशी त्याला कुठंतरी कोंबलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं चौथ्या दिवशी. जूनमध्ये त्याचा चुलता येऊन दाखला घेऊन गेला.

त्यानंतर मी शंभर पानी वही घातली. ही वही टाचणाची नव्हे, हजेरीचीही नव्हे. कोण कुठं बसतं, कोण कुणाबरोबर डबा खातं, कोण अचानक गप्प झालंय, एवढंच तिच्यात लिहायचं. पुढं जे सांगतोय ते त्या वहीतून आलेलं आहे. पाचवी ते दहावीचा वर्गशिक्षक, पट साठच्या पुढं, शाळेत समुपदेशक नाही आणि वेळ रोज दहा मिनिटं, असं धरून लिहिलंय.

आधी एक शब्द. ‘विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य व आपलेपणाची भावना’ असं प्रशिक्षणाच्या घडीपत्रिकेत छापलेलं असतं आणि वाचून जांभई येते. आपल्या आज्या याला फार सोपा प्रश्न विचारायच्या: ‘शाळेत करमतं का रे?’ करमणं म्हणजे नुसती मजा नव्हे. सासरी गेलेल्या मुलीला करमतं का, असं विचारतात तेव्हा तिथं तिला कुणी आपलं म्हणतं का, हेच विचारायचं असतं. अमेरिकेतल्या कॅरल गुडनाऊ यांनी १९९३ साली हेच मोजायला अठरा विधानांची प्रश्नावली तयार केली. माझ्यातलं चांगलं इथल्या लोकांना दिसतं का, माझं म्हणणं कुणी मनावर घेतं का, अशा धाटणीची ती विधानं आहेत. माझ्या अनुभवात त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: मी उद्या आलो नाही, तर इथं कुणाच्या लक्षात येईल का?

जून: नाव आणि जागा

पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रम मागं पडला तरी चालेल, नावं पाठ करा. हजेरी क्रमांकानं घेऊ नका. ‘सतरा’ म्हटल्यावर ‘उपस्थित’ म्हणणारं पोर दिवसभरात एकदाही स्वतःचं नाव ऐकत नाही.

पहिल्या नावानंच हाक मारा. ‘आडनाव काय तुझं?’ हा प्रश्न भर वर्गात विचारूच नका. आपल्याकडं तो कशासाठी विचारला जातो हे पाचवीतल्या पोरालाही कळतं, आणि उत्तर आल्यावर चाळीस माना वळतात त्या उगाच नाही. आडनाव जनरल रजिस्टरात आहे, तिथून बघा. काळ्या, ढापण्या, जाडी, बुटक्या ही टोपणनावं पोरं ठेवतात हे खरं, पण ती वर्गात टिकतात शिक्षकांमुळं. गुरुजींनीच एकदा हसत हसत ‘ए ढापण्या’ म्हटलं की त्या नावावर शाळेचा शिक्का बसला. तेव्हा नियम आधी शिक्षकखोलीत करावा लागतो. तिथं तो करणं वर्गापेक्षा अवघड जातं, हेही सांगून ठेवतो.

मग जागा. एका कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढा, प्रत्येक चौकोनात नाव लिहा आणि तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दर सोमवारी रांगा एक घर पुढं सरकवा, म्हणजे पुढचा बाक कुणाची मिरास राहत नाही आणि शेवटचा बाक कुणाच्या कपाळी बसत नाही. ज्याला फळा नीट दिसत नाही किंवा ऐकू कमी येतं, त्याला यातून वगळा आणि कायम पुढं ठेवा. नकाशाचा एक नियम मात्र मोडायचा नाही: मूल गैरहजर असलं तरी त्याचा चौकोन रिकामा ठेवायचा, तिथं दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही. मी चुकलो तो इथंच.

नव्यानं दाखल झालेल्या मुलाला दोन आठवड्यांसाठी एक जोडीदार द्या. आपण सवयीनं पहिला नंबर काढणाऱ्याला हे काम देतो, आणि तो ते नेमकं वाईट करतो, कारण त्याला स्वतःच्या वहीतून मान वर काढायला सवड नसते. बडबडं पोर निवडा. पाण्याचा कोणता नळ चालू असतो, खिचडीच्या रांगेत कुठं उभं राहायचं, कोणत्या सरांच्या तासाला चुळबुळ केली तर खैर नाही, हे सगळं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकतं.

ऑगस्ट: कोण एकटं आहे ते शोधणं

डीएड-बीएडला ‘समाजमिती’ नावाची टीप आपण सगळ्यांनी घोकली आहे. पाच गुणांची. जेकब मोरेनो यांनी १९३४ च्या सुमारास हे तंत्र पुढं आणलं, एवढं लिहिलं की गुण मिळायचे. पुढं वीस वर्षांत ते वापरलेला शिक्षक मला क्वचितच भेटला. खरं तर तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकणारं हे काम आहे आणि वर्गशिक्षकाच्या हातात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

ऑगस्टमध्ये करा. तोवर पोरांची एकमेकांशी ओळख झालेली असते आणि गट अजून घट्ट झालेले नसतात. प्रत्येकाला वहीचं पाव पान द्या. वर स्वतःचं नाव, खाली तीन प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी दोन नावं:

सहलीला एसटीत शेजारी कुणाला बसवशील?
विज्ञानाचा प्रकल्प कुणाबरोबर करशील?
आठ दिवस आजारी पडलास तर वही कुणाची मागशील?

तीन वेगळे प्रश्न मुद्दाम आहेत. एसटीत शेजारी हवा असलेला गडी वेगळा असतो आणि वही मागायचा वेगळा. एखाद्या पोराचं नाव सहलीत कुणीच लिहीत नाही, पण वहीच्या प्रश्नाला बारा जण लिहितात. त्याला वर्गानं कामापुरतं ठेवलंय, असा त्याचा अर्थ. ‘कुणाबरोबर बसायला आवडणार नाही?’ हा प्रश्न पुस्तकात असला तरी विचारू नका. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांची उत्तरं काढून घेतातच, आणि मग आपणच एखाद्याला उघडं पाडल्यासारखं होतं.

चिठ्ठ्या स्वतः गोळा करा, घरी न्या, मॉनिटरच्या हाती देऊ नका. वहीत सगळ्या पोरांची नावं गोलात लिहून बाण काढत जा: कुणी कुणाचं नाव लिहिलं. तासाभराचं काम आहे. बाण संपले की ज्याच्याकडं एकही बाण आलेला नाही, ते गोल लाल करा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा आधी एका कागदावर अंदाजानं नावं लिहून ठेवली होती. दंगेखोर पोरं, मार खाणारी पोरं, अशी. निघाली भलतीच. दंगेखोरांना भरपूर बाण होते. बाण नव्हते ते ज्यांच्याबद्दल मी पालक सभेत ‘काही तक्रार नाही, शांत आहे’ म्हणत आलो होतो, त्यातल्या तिघा-चौघांना. त्यातली एक मुलगी तर शुद्धलेखनात एकही चूक न करणारी होती आणि जून महिन्यापासून तिच्याशी मी ‘शाब्बास’ याखेरीज एक शब्द बोललेलो नव्हतो.

आता काय करायचं? जाहीर तर काहीच नाही. ‘हिच्याशी सगळ्यांनी मैत्री करा’ असं वर्गात सांगणं म्हणजे तिच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवणं आहे. तिनं स्वतः कुणाची नावं लिहिलीत ते बघा. सोमवारी रांगा सरकवताना त्यांतल्या एकीच्या शेजारी तिला आणा, ‘उजेडासाठी’ म्हणा, काहीही म्हणा. दुसरं, तिला असं काम द्या की वर्गाला तिच्याकडं जावं लागेल. वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंद, प्रयोगशाळेची किल्ली, परिपाठाला बातम्या कोण वाचणार त्याची यादी. फळा पुसण्याचं काम उपयोगाचं नाही, त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. महिन्यानं मधल्या सुट्टीत खिडकीतून बघा, डबा कुणाबरोबर खाल्ला जातोय. बदल दिसायला कधी दोन महिने लागतात, आणि कधी दिसतही नाही. मग जागा पुन्हा बदला.

त्या बाणांच्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसेल, तयारी ठेवा. गावठाणातली पोरं गावठाणातल्यांना, तांड्यावरची तांड्यावरच्यांना, खालच्या वस्तीतली खालच्या वस्तीतल्यांना. प्रतिज्ञा रोज म्हटली जाते, तरी मधे एकही बाण नाही. ते पाहून दुसऱ्या दिवशी समतेवर भाषण ठोकण्याची उबळ येते. ठोकू नका, पोरांना त्याची सवय आहे. त्याऐवजी धडा शिकवायची रीत बदला.

सप्टेंबर: एकमेकांवाचून अडेल असा धडा

१९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणल्यावर वर्गांत मारामाऱ्या होऊ लागल्या. तिथं इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं एक युक्ती काढली: धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाकडं एकच तुकडा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. जोडचित्राच्या ठोकळ्यांवरून त्याला ‘जिगसॉ’ असं नाव पडलं. मी पोरांना ‘तुकड्यांचा धडा’ म्हणतो.

गोदावरीचं उदाहरण घ्या. पाच तुकडे: एक, ब्रह्मगिरीवरचा उगम आणि त्र्यंबकेश्वर. दोन, पैठणचं जायकवाडी धरण आणि नाथसागर. तीन, प्रवरा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता या उपनद्या. चार, काठावरची नाशिक, पैठण, गंगाखेड, नांदेड ही गावं. पाच, तेलंगण आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवास, एकूण लांबी सुमारे १४६५ किलोमीटर. प्रत्येक तुकडा अर्ध्या पानात लिहून त्याच्या प्रती काढा.

पाच-पाच जणांचे गट तुम्ही पाडा, पोरांवर सोपवू नका. ऑगस्टचं बाणांचं चित्र समोर ठेवून दोन वेगळ्या वस्त्यांतली, पण आधीपासून भांडण नसलेली पोरं एकत्र आणा. दोन पोरं उरली तर कुठल्या तरी दोन गटांत एकेक तुकडा जोडीनं द्या. आधी वीस मिनिटं सगळे ‘एक’वाले एकत्र बसतील, सगळे ‘दोन’वाले एकत्र, आणि आपापला तुकडा पक्का करतील. दहा-बारा पोरांचं कोंडाळं होत असेल तर त्याचे दोन करा. मग सगळे आपल्या मूळ गटात परततील आणि पाच-पाच मिनिटांत एकमेकांना शिकवतील. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी, प्रत्येकानं स्वतंत्र सोडवायची. दोन तास जोडून घ्या, एका तासात होत नाही.

पहिल्या वेळी गोंधळ होणार. आवाज ऐकून मुख्याध्यापक डोकावतील, त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ज्या गटात वाचायला अडखळणारं पोर असेल तो गट कुरकुरेल. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत तुम्ही फिरत राहायचं ते त्याच्याच आसपास, त्याच्या तुकड्यातली तीन वाक्यं त्याच्या तोंडी पक्की होईपर्यंत. आणि तुकडे वाटताना थोडं डोकं चालवा. गेल्या हंगामात नगरकडच्या कारखान्याला गेलेल्या पोराला मी उपनद्या दिल्या. तो प्रवरेच्या काठी चार महिने कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहिलेला होता. पाणी केव्हा सुटतं, कुठून उतार आहे, कपडे कुठं धुतात, सगळं सांगत सुटला. पुस्तकातली प्रवरा बाजूला राहिली आणि गट ऐकत बसला.

पंधरवड्यातून एकदा हे पुरे. रोज केलंत तर पोरं कंटाळतील आणि अभ्यासक्रमही बोंबलेल.

दसरा ते मार्च: गेलेली पोरं

बीडसारख्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होतो. तुमच्याकडं ऊसतोड नसेल तर वीटभट्टी असेल, मासेमारी असेल, पालं असतील. रीत तीच.

निघण्याआधी पंधरा दिवस यादी करा: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, घरी मागं कुणी राहतंय का. आजी-आजोबा राहत असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते मुख्याध्यापकांकडून आत्ताच तपासा. गाड्या हलल्यावर कुणी थांबत नाही. जाणार असेलच तर शिक्षण हमी पत्रक पोराच्या हातात द्या आणि बापालाही नीट समजावा, की हे दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. वडिलांचा किंवा टोळी नेणाऱ्या मुकादमाचा मोबाइल नंबर वहीत लिहून घ्या.

मग एक छोटी गोष्ट, खर्च शून्य. पंधरा दिवसांतून एकदा, मधल्या सुट्टीत, स्पीकर चालू करून त्या नंबरवर फोन लावा. चार पोरं भोवती जमतात. ‘काय रं, थंडी हाय का तिकडं?’ ‘आमच्या सरांनी सहल काढली.’ तीन मिनिटं. फोन लागला नाही तरी वर्गाला कळतं की सर लावतात. नकाशातला चौकोन रिकामाच ठेवा.

परत येईल त्या दिवसासाठी आधीच ठरवून ठेवा. वर्गातल्या दोघांकडं त्याच्या वह्या पुऱ्या करून द्यायचं काम, तेही सगळं उतरवून नव्हे. मराठी, गणित, विज्ञान यांतलं जेवढं पुढं लागणार तेवढंच. दारात आल्यावर ‘इतके दिवस कुठं होता राव?’ असलं विनोदी स्वागत नको. ‘तुझी जागा तीच आहे’ म्हणा आणि त्याला तिथपर्यंत जाऊ द्या.

पहिल्या आठवड्यात त्याला येतं ते एकदा तरी वर्गात येऊ द्या. फड, मोळी, वाढं, कोयता, उचल, खाडा हे शब्द त्याच्या तोंडचे आहेत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे शहरातून बदलून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला आठवीतल्या मुलानं सांगितलं. उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती, टनाला दर किती, खाडे (कामाचे बुडालेले दिवस) किती, हंगाम संपताना अंगावर किती उरलं, हे गणित ही पोरं तोंडी करतात आणि शेकडेवारीच्या धड्याला गांगरतात, कारण दोन्ही एकच आहेत हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. फक्त आकडे काल्पनिक घ्या. खरी उचल म्हणजे त्या घरचं कर्ज, ते फळ्यावर यायला नको.

बोलीचंही तसंच. तांड्यावरचं पोर आईला ‘याडी’ म्हणतं. ते वाक्यात आलं की लाल शाईनं खोडू नका, शेजारी ‘आई’ लिहा आणि दोन्ही राहू द्या. ‘अशुद्ध बोलतोस’ हे वाक्य ऐकलेलं पोर शुद्ध बोलायला लागत नाही, बोलायचं थांबतं.

‘उभे राहा’ बंद

शिष्यवृत्तीचे दिवस आले की वर्गात एक शिपाई सूचना घेऊन येतो आणि आपण वाचून दाखवतो: ‘अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहा.’ हेतू चांगला असतो, पैसे त्यांनाच मिळायचे असतात. पण ज्या पोराशेजारी सकाळी कुणी बसलं होतं, त्याला दुपारी सगळा वर्ग नव्यानं ओळखतो. सहा महिने बाक सरकवून केलेलं काम एका मिनिटात जातं.

सोपा मार्ग आहे. यादी रजिस्टरात आहेच. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी करा, ‘मधल्या सुट्टीत कार्यालयात भेट’ एवढंच तीवर लिहा, आणि त्याच दिवशी आधार, बँक पासबुक, सहलीचे पैसे यांच्या चिठ्ठ्याही वाटा, म्हणजे कुठली कशाची ते कळत नाही. फी थकलेल्यांची नावं फळ्यावर लिहिणं, शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेल्यांना ‘आरटीईवाले’ म्हणणं, नापासांचे पेपर वर धरून दाखवणं, हे सगळं याच जातीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं छडीबरोबर मानसिक छळही बंद केलाय, हे शिक्षकखोलीत अधूनमधून आठवून द्यायला हरकत नाही.

आणि स्वच्छतागृह. मुलींचं स्वच्छतागृह कडी नसलेलं असेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यांच्या डोकेदुखीवर समुपदेशनाआधी कडी बसवा.

मन बिघडल्याच्या खुणा, आणि तेव्हा काय बोलायचं

एका दिवसाच्या रडण्यावरून काही ठरत नाही. दोन आठवडे टिकलेला बदल बघा: बडबडं पोर गप्प, गप्प पोर एकाएकी चिडकं, अक्षर बिघडलेलं, डबा तसाच परत, पहिल्या तासाला झोप, ठरावीक वारीच पोटदुखी, उन्हाळ्यातही लांब बाह्या. वहीत तारीख टाका. तीन तारखा जमल्या की बोला.

बोलायचं कुठं? कार्यालयात बोलावू नका, तिथं शिक्षा होते हे सगळ्यांना माहीत असतं. बागेला पाणी घालताना, वह्या उचलून नेताना, चालता चालता. समोरासमोर बसलं की पोरं मिटतात, शेजारी चाललं की बोलतात. सुरुवात जे दिसलं त्यानं करा: ‘गेले दोन आठवडे तू डबा उघडत नाहीस, मला दिसतंय.’ मग थांबा. हे थांबणं आपल्याला जमत नाही. तिसऱ्या सेकंदाला आपण ‘अरे, अभ्यासात लक्ष घाल’ सुरू करतो. ‘आमच्या वेळी तर चप्पलही नव्हती’ हे वाक्य तर कायमचं रद्दी करा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तरच सांगेन, आणि कुणाला ते तुला आधी सांगेन’ असं म्हणा. मरणाचं काही बोललं, वहीत तसं काही दिसलं, तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसत नाही, उलट पोराला कुणाशी तरी बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि घरचं विश्वासाचं माणूस यांना बोलवायचं, आणि शेतीच्या घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पोराला नंबर देऊन सोडू नका, सोबत बसून लावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. त्याआधीची पायरी म्हणून सरकारी दवाखान्यांतली किशोरवयीनांची ‘मैत्री’ क्लिनिक बघून ठेवा, गरज पडण्याआधी एकदा स्वतः जाऊन.

लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर मात्र ‘आधी शाळेत चौकशी करू’ हा मार्गच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. पोराला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, एकदा ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, नाव कुठं फोडू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची मदत घ्या. संस्थेच्या इभ्रतीची भाषा सुरू झाली की वहीतली तारीख आणि वेळ उपयोगी पडते.

तक्रारपेटी आणि २०२२ च्या शासन निर्णयातली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती बहुतेक शाळांत कागदावर असते. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगली की तिच्यात फक्त वेफर्सचे कागद सापडतात. ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडं जाणाऱ्या वाटेवर लावा, दर शुक्रवारी दोघांनी मिळून उघडा, आणि परिपाठात ‘या आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या, नळाचं काम झालं’ एवढं सांगा. नळाचं काम झालेलं दिसलं की मग मोठ्या चिठ्ठ्या पडतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. आपल्या संस्थेकडं त्याची लेखी मागणी करून पोच घेऊन ठेवा.

मे: वही पुढं द्या

वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये, नाव न लिहिता पाच ओळी भरून घ्या: शाळेत करमतं का, अडचण आली तर एका तरी शिक्षकाला सांगता येईल का, मधल्या सुट्टीत सोबत असते का, कुणी सतत चिडवतं का, गैरहजर राहिल्यास कुणी विचारपूस करतं का. हो, नाही, कधी कधी. टक्केवारी काढायच्या भानगडीत पडू नका. ‘नाही’ किती आले ते दोन्ही वेळचं मोजा आणि ऑक्टोबरपेक्षा वाढले असतील तर कुठल्या ओळीत ते बघा.

निकाल लागला की आपण गुणपत्रकं देतो, रजिस्टर देतो आणि पोरांबद्दलचं वर्षभराचं कळलेलं डोक्यातच घेऊन घरी जातो. पुढच्या वर्गशिक्षकाबरोबर एक तास बसा. निदान, शंका, घरची भांडणं, जात, कुणी सांगितलेली गुपितं कागदावर देऊ नका; मूळ वही तुमच्याकडंच राहू दे. ज्यानं काम सोपं होईल तेवढंच एका पानावर उतरवा. माझ्या गेल्या वर्षीच्या पानावरच्या काही ओळी, नावं काढून:

‘डावा कान कमी ऐकतो. उजवीकडं बसवा. विचारलं तर नाही म्हणतो.’
‘वाचनपेटीची किल्ली हिच्याकडं होती. पुढंही असू द्या.’
‘ह्या दोघांना एका गटात नको, दिवाळीपर्यंत तरी.’
‘सोमवारी उशीर होतो, आईबरोबर बाजारला जातो. ओरडू नका.’
‘दसऱ्यानंतर जाईल, मार्चमध्ये येईल. खिडकीजवळचा तिसरा बाक.’